ज्यांच्या भेटीला देव गेला : श्री संत सावता महाराज

॥ रामकृष्णहरी ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. त्याचा ग्रंथ निघतोय, त्यात एका संताचं चरित्र तुम्ही लिहा, असं विणेकरी बाबांनी आणि सर्व मंडळींनी मला सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस. कीर्तनात दोन तास उभं राहायला सांगा, राहीन. पण कागदावर चार ओळी उतरवायच्या म्हणजे हात थरथरतो. तरी संतांची सेवा म्हणून लिहितो. चूकभूल पोटात घालावी. अभंग इथं देत नाही, ते तुम्हा टाळकऱ्यांना पाठच आहेत. नुसतं चरित्र सांगतो.

माउलींचं आणि तुकोबारायांचं चरित्र लिहिणारे मोठमोठे अधिकारी पुरुष आहेत. मी शेतकरी, म्हणून शेतकरी संताचं लिहितो. अरणचे सावता महाराज. आणखीही एक कारण आहे, ते शेवटी सांगेन.

अरण हे गाव सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर मोडनिंबजवळ. महाराजांच्या आजोबांचं नाव देवू माळी. ते पंढरीचे वारकरी होते, असं परंपरा सांगते. वडील परसोबा, आई नंगिताबाई. घरात माळ्याचा धंदा आणि विठ्ठलाची भक्ती, दोन्ही वडिलोपार्जित. अशा घरात शके 1172 मध्ये, म्हणजे इसवी सन 1250 साली महाराजांचा जन्म झाला. साव म्हणजे सज्जन, चोख वागणुकीचा. तोच अर्थ नावात आला आणि पुढं ते नाव त्यांनी जन्मभर खरं करून दाखवलं.

तो काळ ध्यानात घ्या. देवगिरीला यादवांचं राज्य होतं. नामदेवराय 1270 साली जन्मले आणि ज्ञानोबा माउली 1275 साली. म्हणजे माउलींचा जन्म झाला तेव्हा सावता महाराज पंचवीस वर्षांचे, मळ्यात राबून हाताला घट्टे पडलेले होते. ज्ञानेश्वरी सांगून झाली 1290 साली, तेव्हा महाराज चाळिशीत आलेले. पंढरीच्या वाळवंटात पुढं जो संतांचा मेळा भरला, त्यात महाराज वडीलधाऱ्यांपैकी एक. आणि ते मात्र त्या वाळवंटात कधी गेले नाहीत. आपल्या मळ्यातच राहिले. हे त्यांचं वेगळेपण.

आता मळा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण ग्रंथ पुढच्या पोरांच्याही हातात जाईल, त्यांनी मोटर सुरू करायचं बटण तेवढं बघितलंय, म्हणून सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. पहाटे चांदणं असतानाच बैल धावेवर घ्यायचे. नाडा ताणला की मोट भरून वर यायची, थारोळ्यात ओतली की पाणी पाटानं वाफ्यावाफ्यात पळायचं. एकानं मोट हाकायची, एकानं दारं धरायची. दारं धरणारा वाकलेला, पाय चिखलात, एक वाफा भरला की तो बंद करायचा, दुसरा फोडायचा. जिरायत रान असलं तर माणूस पेरून चार दिवस कुठं जाऊ शकतो. माळव्याचं तसं नाही. मेथीला पाळी चुकली की ती मान टाकते. वांगी वेळेवर तोडली नाहीत तर जून होतात. फुलं तर त्याच सकाळी तोडायची. माळव्याला एकादशी नाही आणि द्वादशीही नाही.

अशा धंद्यात महाराजांनी जन्म काढला. आणि त्या कामाला त्यांनी कमी लेखलं नाही. पुष्कळांना वाटतं, काम हे पोटासाठी, देव हा काम उरकल्यावर. महाराजांनी असे दोन वाटे केलेच नाहीत. आपण लावलेलं रोप, आपण उपसलेलं पाणी, विहीर, नाडा, मोट, सगळ्यात त्यांना विठ्ठल दिसला. खुरपं चालायचं तसं मुखात नाव चालायचं. त्यांच्या अभंगात मळ्यातली भाजी आली, मोट आली. त्याच्या आधी मराठीत देवाचं वर्णन करताना माळव्याची नावं घ्यायचं धाडस किती जणांनी केलं असेल? ज्याच्या अंगाला चिखल लागलाय त्यालाच ते सुचतं.

त्यांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले. आज सदतीस अभंग आपल्या हातात आहेत. सदतीस म्हणजे फार नाहीत. पण राबणाऱ्या माणसाला बोलायला वेळ तरी किती असतो? काशिबांचे उपकार मोठे. महाराज बोलत गेले, काशिबा लिहीत गेले. नाहीतर ते शब्द पाटाच्या पाण्यासारखे रानातच जिरले असते.

आता त्यांचा प्रपंच. महाराजांचं लग्न जवळच्या भेंड गावच्या जनाबाईंशी झालं. नामदेवरायांच्या घरी होत्या त्या जनाबाई वेगळ्या, ह्या वेगळ्या. दोन मुलं झाली, मुलगा विठ्ठल आणि मुलगी नागाताई. मुलाला हाक मारायची तरी देवाचं नाव मुखात यावं, असा तो संसार.

पण संसार आहे म्हणजे कुरबुरही आलीच. कीर्तनकार लोक ही गोष्ट सांगतात, मीही पुष्कळ वेळा सांगितली आहे. एकदा सासुरवाडीची मंडळी घरी आली. महाराज भजनात रंगलेले. उठून पाणी देणं नाही, ख्यालीखुशाली विचारणं नाही. जनाबाईंना फार लागलं. माहेरची माणसं उन्हातून चालत आलेली, नवऱ्यानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी रागानं नवऱ्याला बोल लावले. महाराज चिडले नाहीत. बायकोला गप्प बस म्हणाले नाहीत. शांतपणानं चार शब्द सांगितले आणि तिचा राग उतरला.

मी तरुण होतो तेव्हा ही गोष्ट सांगताना जनाबाईंना जरा कमीपणा द्यायचो. बाईला काय कळतं परमार्थातलं, अशा थाटात. लोक हसायचे. आता साठी उलटल्यावर वाटतं, जनाबाईंचा राग खोटा नव्हता. पाहुण्याला पाण्याचा तांब्या देणं हाही धर्मच आहे. महाराजांना ते कळलं म्हणून तर ते तिच्यावर उलटले नाहीत. घरातल्या माणसाचा राग ऐकून घेणं आणि तो मायेनं उतरवणं, हे मला आता अभंगाइतकंच मोठं वाटतं. आपल्यातले कितीतरी टाळकरी माळ घालून घरात आरडाओरडा करतात. त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मीही ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. महाराज पंढरीला का गेले नाहीत?

मी सुरुवातीला कीर्तनात सांगायचो की बिचाऱ्यांना मळ्यातून सवड नव्हती. पुढं एकदा मी स्वतः अरणला गेलो आणि तिथून पंढरपूरची वाट बघितली, तेव्हा माझं मलाच हसू आलं. अरणपासून पंढरपूर ते किती? धट्ट्याकट्ट्या माणसाला एक-दीड दिवसाची चाल. आपण आळंदीहून निघतो तर अठरा-वीस दिवस चालतो. महाराज मनात आणते तर आज गेले, उद्या दर्शन घेतलं, परवा-तेरवा मळ्यात हजर. एक पाळी शेजाऱ्यानं दिली असती. म्हणजे अडचण होती म्हणून ते थांबले, असं नाही. ते थांबले ते आपल्या मनानं. जो देव मळ्यात आहे त्याला सोडून दुसरीकडं शोधायला कशाला जायचं, असा त्यांचा भाव. मळा हीच त्यांची पंढरी होती. ही गोष्ट नीट धरून ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि देवानंही तो भाव ओळखला. कूर्मदासांचं आख्यान तुम्हाला ठाऊक आहे. पैठणचे कूर्मदास, त्यांना हातपाय नव्हते. तरी पंढरीची ओढ अशी की गडगडत, पोटावर सरपटत निघाले. लऊळ गावापर्यंत आले आणि पुढं शरीर चालेना. त्यांनी देवाला निरोप धाडला. तेव्हा पांडुरंग, नामदेवराय आणि ज्ञानोबा माउली त्यांच्या भेटीला निघाले. वाटेत अरण लागलं. देवाला सावत्याची आठवण झाली. दोघा संतांना वाटेवर थांबवून देव एकटाच मळ्यात शिरला आणि मला कुठंतरी लपव, माझ्यामागं दोघं लागले आहेत, असं म्हणू लागला. महाराजांना दुसरी जागा सुचली नाही. हातात खुरपं होतं. त्या खुरप्यानं त्यांनी आपलं पोट चिरलं, देवाला आत ठेवलं आणि वरून कापड गुंडाळलं. इकडं नामदेवराय देव दिसेना म्हणून कासावीस. शोधत शोधत मळ्यात आले, रडू लागले. तेव्हा महाराजांनी देव दाखवला. मग सगळे मिळून लऊळला कूर्मदासांच्या भेटीला गेले. कूर्मदासांची समाधी आजही लऊळला आहे.

आजची पोरं विचारतात, असं कुठं घडतं का? त्यांना मी एवढंच सांगतो. बाबांनो, खुरप्यानं देव पोटात गेला, हे खरं मानायला माझी काही हरकत नाही, कारण ज्यानं तीस वर्षं रोज त्याच खुरप्यानं काम करता करता नाव घेतलं, त्याच्या पोटात दुसरं काय असणार? आणि एक गंमत बघा. त्या दिवशी देव दोघांच्या भेटीला निघाला होता. एक कूर्मदास, ज्यांना यायचं होतं पण येता येईना. दुसरे सावता महाराज, ज्यांना येता येत होतं पण यायची गरज वाटेना. देव दोघांकडंही गेला. मात्र ती दोन माणसं वेगवेगळी आहेत.

शके 1217, इसवी सन 1295, आषाढ वद्य चतुर्दशी. त्या दिवशी महाराजांनी देह ठेवला. वय अवघं पंचेचाळीस. माउलींची समाधी त्याच्या पुढच्या वर्षीची. पंचेचाळीस हे काही जाण्याचं वय नाही. कर्ता माणूस त्या वयात गेला म्हणजे घराचं काय होतं, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको. मोट तशीच, बैल तसेच, हाकणारा नाही. आपण संत म्हणून पुण्यतिथीला हार घालतो, पण जनाबाईंचा नवरा आणि विठ्ठल-नागाताईंचा बाप गेला होता, हेही आठवावं. ज्या अरणात राबले त्याच अरणात त्यांची समाधी आहे.

आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात. आळंदीहून माउली, देहूहून तुकोबाराय, पैठणहून नाथ महाराज, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताई. सगळे देवाच्या भेटीला येतात. सावता महाराजांची पालखी मात्र येत नाही. आषाढी झाली, पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला, आपण घरी येऊन पाय शेकत बसलो की मग पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून निघते आणि महाराजांच्या पुण्यतिथीला अरणला जाते. माणूस जाऊन सातशे वर्षांवर झाली, तरी देव अजून त्याच्या गावाला जातो. तिथं काल्याला नारळांची हंडी फुटते. ज्यानं तो सोहळा बघितला नसेल त्यानं एकदा बघावा.

इथपर्यंत महाराजांचं चरित्र झालं. आता ते दुसरं कारण.

मला थोरले बंधू होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडली आणि औत हातात घेतलं. माझी चौथी झाली ती त्यांच्यामुळं. मला गळा होता म्हणून त्यांनीच मला भजनाला धाडलं. वयाच्या एकविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा या दिंडीबरोबर निघालो आणि पुढं जवळजवळ चाळीस वर्षं एकही आषाढी चुकवली नाही. त्याबद्दल मंडळींनी माझा सत्कार केला, शाल दिली.

त्या चाळीस वर्षांत आषाढात दादा मळ्यात. पेरणी दादांनी केली, कोळपणी दादांनी केली, जनावरांची धार, पाणी, आजारी आईचं औषध, सगळं त्यांनी आणि वहिनींनी बघितलं. माझी भिशी भरायला त्यांनी एका साली बैल विकला, तो शेतीच्या खर्चाला विकला असं मला सांगितलं. मला खरं कळलं ते दहा वर्षांनी. ते सकाळी दारं धरताना हरिपाठ म्हणायचे. मी वारीहून आलो की वाटेत येऊन माझ्या पायाला हात लावायचे, थोरले असून. मी संकोचायचो, पण लावू द्यायचो.

मी दर साली निघताना म्हणायचो की पुढच्या वर्षी तुम्ही जा, मी घर बघतो. ते हसायचे. गावात मी सावता महाराजांच्या पुण्यतिथीला कीर्तन करायचो, मळ्यात राहणाऱ्याला देव मळ्यात भेटतो असं रंगवून सांगायचो, आणि दादा मागं खांबाला टेकून ऐकायचे. लोक म्हणायचे, दादा म्हणजे आपले सावतोबा. मलाही ते बरं वाटायचं.

दादा गेले त्याला आता काही वर्षं झाली. पेरणी उरकून बांधावर बसले ते उठले नाहीत. मी तेव्हा दिंडीबरोबर वाटेत होतो. निरोप आल्यावर गाडी करून आलो. दहाव्यानंतर वहिनींनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात एक कोरी माळ, एक नवी पताका आणि कापडात बांधलेले टाळ निघाले. वहिनी म्हणाल्या की पुढच्या वर्षी आपण जाऊ असं ते दर साली म्हणायचे आणि म्हणून ते घेऊन ठेवलं होतं.

त्या दिवशी मला कळलं की मी सावता महाराजांचं चरित्र चाळीस वर्षं चुकीचं सांगत होतो. महाराज राहिले ते आपल्या मनानं. दादा राहिले ते माझ्यासाठी. त्यांना यायचं होतं. ते सावता महाराज नव्हते, ते कूर्मदास होते, आणि त्यांचे हातपाय मी होऊन बसलो होतो. संताची गोष्ट सांगून मी माझी सोय बघत होतो. देव त्यांना मळ्यात भेटला असेल, नव्हे भेटलाच असेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण म्हणून माझा दोष कमी होत नाही.

दिंडीच्या या ग्रंथात चालणाऱ्यांची नावं येतील, फोटो येतील. चांगलंच आहे. पण शंभर वर्षं ही दिंडी चालली ती नुसती चालणाऱ्यांच्या पायावर नाही. प्रत्येक वारकऱ्यामागं कुणीतरी घर धरून बसलेलं आहे. भाऊ आहे, बायको आहे, सून आहे, शेजारी आहे. त्यातल्या कुणाला राहायचं आहे आणि कुणाला यायचं आहे, हे आपण एकदा तरी घरात विचारावं. सावता महाराजांचं नाव घेऊन परस्पर उत्तर ठरवू नये. मंडळींना माझी एवढीच विनंती आहे.

आमच्या घरी आता पाळी ठरली आहे. एका साली मी, एका साली दुसरं कुणी. पहिल्या पाळीला वहिनी गेल्या. दादांचे टाळ माझ्या पुतण्यानं वाजवले, पताकाही तीच नेली. माळ वहिनींनी चंद्रभागेत भिजवून आणली आणि दादांच्या फोटोला घातली. मी त्या एकादशीला घरी होतो. पाऊस नव्हता, वांग्याला पाणी द्यायचं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आषाढी एकादशीच्या सकाळी मी दारं धरून चिखलात उभा होतो. हरिपाठ म्हणायला लागलो तर मध्येच आवाज फुटेना. वाफा भरून फुटला आणि पाणी पलीकडं गेलं, तेव्हा भानावर आलो आणि फावड्यानं माती ओढून वाफा नीट केला.

सावता महाराज समजायला मला एवढा वेळ लागला. तुम्हाला लागू नये म्हणून लिहिलं.

॥ रामकृष्णहरी ॥